मेक्सिकोतलं गाव आणि माझी एकटी लेक

लेकीचा मेसेज आला तेव्हा मी कुवेतमधल्या अहमदीत, कंपनीच्या क्वार्टरच्या अंगणात कुंड्या झटकत होतो. आदल्या दिवशी धुळीचं वादळ होऊन गेलं होतं. बायको गेल्यापासून त्या कुंड्यांत फारसं काही उगवत नव्हतं, पण झटकायची सवय राहिली होती.

"बाबा, आठवडाभर मेक्सिकोला चाललेय. बीचवर. मैत्रिणी आहेत बरोबर. डोन्ट वरी."

खाली गावाचं आणि हॉटेलचं नाव होतं. लेक टेक्सासमध्ये नोकरीला. तिकडून मेक्सिको म्हणजे आपल्याला नाशिकहून गोवा असावं तसं. तरी मला धास्ती बसली. हात धुऊन कॉम्प्युटर उघडला आणि त्या गावात पर्यटक कितपत सुरक्षित असतात ते शोधत बसलो.

एका पानावर ते गाव म्हणजे स्वर्ग होतं. दुसऱ्यावर टोळ्या, अपहरणं आणि गोळीबार. कुठल्याशा सरकारनं आपल्या नागरिकांना लिहिलं होतं की त्या प्रांतात सावध राहा, अंधार पडल्यावर हमरस्त्यानं प्रवास टाळा. खाली एक म्हातारं जोडपं सांगत होतं, आम्ही दर वर्षी जातो, कधी केसालाही धक्का लागला नाही. त्याच्याच खाली कुणीतरी लिहिलेलं, माझी बॅग वाळूवरून उचलून नेली. जेवढं वाचत गेलो तेवढं कळेनासं झालं. बायको असती तर तिनं सरळ लेकीला फोन लावून चार प्रश्न विचारले असते आणि विषय संपला असता. मला ते कधी जमलं नाही. लेक आणि मी एकमेकांना हवापाणी विचारायचो, ते तिच्या आईमार्फत. आता मधलं माणूस नव्हतं.

आमच्या तेल कंपनीत ड्रिलिंगला एक मेक्सिकन होता, साधारण माझ्याच वयाचा. ओळख कॅन्टीनपुरती. दोघंही घरून हिरव्या मिरच्या आणायचो, त्यावरून झालेली. दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर ताट ठेवलं आणि विचारलं, "हे गाव सेफ आहे का?"

त्यानं नाव ऐकलं आणि घास तसाच हातात धरला. "ते माझंच गाव. सेफ म्हणजे कोणासाठी?"

"पर्यटकांसाठी."

"पर्यटकांसाठी आहे. माझ्या भाच्यासाठी विचारलंत तर उत्तर वेगळं देईन."

मग त्यानं नीट समजावलं. पाहुण्यांवर अख्खं गाव जेवतं, त्यामुळे त्यांना सहसा कुणी हात लावत नाही. तरी टॅक्सी हॉटेलातूनच मागवायची. पैसे रस्त्यावरच्या मशीनमधून न काढता बँकेच्या आत जाऊन काढायचे. वाळूवर कुणी काही हळू आवाजात विकायला आलं तर मान हलवून चालू पडायचं. अंधारात एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं नाही.

"आणि समुद्र," तो म्हणाला. "लाल बावटा लावला असेल तर पाण्यात पाऊलही टाकायचं नाही. पाहुणे बंदुकीला घाबरतात, लाटेला घाबरत नाहीत. मी लहानपणापासून बघतोय, तो समुद्र वरून दिसतो त्यापेक्षा जोरात ओढतो."

मी सगळं जसंच्या तसं लेकीला पाठवलं. तिच्याकडून अंगठ्याचं चित्र आलं.

मेक्सिकनची बहीण अजून तिथेच राहत होती, बाजाराजवळच्या एका खानावळीत स्वयंपाकाला होती. "तिला सांगतो, जाऊन बघून येईल," तो म्हणाला. मी म्हटलं, छे, कशाला त्रास. आणि लगेच हॉटेलचं नावही सांगितलं.

दोन दिवसांनी तो ताट न घेताच माझ्या टेबलाशी आला. फोन पुढे केला. फोटोत प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर दोघी बसल्या होत्या. एक जाडजूड, हसरी बाई आणि माझी लेक. लेकीच्या हातात मक्याच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ती वाळलेली दिसत होती. फोनच्या पडद्यावर बोलताना कधी लक्षात आलं नव्हतं.

"व्यवस्थित जेवली," तो म्हणाला. "पण बहीण विचारतेय, एवढीशी पोर एकटी कशी आली?"

"एकटी नाही. मैत्रिणी आहेत बरोबर."

तो फोनकडे बघत राहिला. मग हलकेच म्हणाला, "तिनंच सांगितलं बहिणीला. एकटीच आहे. दिवसभर छत्रीखाली बसून असते."

संध्याकाळी घरी येऊन फोन केला, तेव्हा तिथली सकाळ होती. लाटांचा आवाज येत होता.

"तुम्ही माझ्यामागे माणूस लावलात?" हे तिचं पहिलंच वाक्य.

"तू खोटं का बोललीस?"

मग ती म्हणाली, "लग्न मोडलं, बाबा."

तो मुलगा मला माहीत होता. दिवाळीत नाशिकला साखरपुडा करायचं ठरत होतं. काय झालं, कुणामुळे झालं, हे मी विचारलं नाही. तोंडातून एवढंच निघालं, "मग घरी का नाही आलीस?"

"कुठल्या घरी?"

"इथे."

"तिथे यायला मला व्हिसा लागतो, बाबा. इकामा कधीचा संपला माझा. इथे माझा अमेरिकेचा व्हिसा चालतो. तिकीट काढलं आणि आले."

मी खुर्चीत बसलो. ती जन्मली अहमदीत. याच गल्लीत सायकल शिकली, पडली, समोरच्या कोपऱ्यावर शाळेच्या बसची वाट बघत उभी राहिली. शिकायला बाहेर गेली आणि ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त बाहेर राहिली, तसा तिचा इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, आपोआप रद्द झाला. तेव्हा कार्डाची मुदत संपावी तेवढंच मला त्याचं वाटलं होतं.

"नाशिकला गेली असतीस. काका आहेत."

"नाशिकला मी पाहुणी असते. मग म्हटलं, जिथे सगळेच पाहुणे असतात तिथेच जावं."

"आणि त्या बाईला सगळं सांगितलंस?"

"तिला इंग्लिश येत नाही, मला स्पॅनिश येत नाही. फोनवर भाषांतर करून करून बोललो. ती रडायलाच लागली, बाबा. मग मीपण."

"मला सांगायचं होतंस."

"तुम्हीही तिथे एकटेच असता. सांगितलं असतं तर तुम्ही त्या घरात काय केलं असतं?"

मी विचारलं, "आज बावटा कुठला आहे?"

"लाल," ती म्हणाली, आणि थोडी हसली. "नाही जात पाण्यात. प्रॉमिस."

ती सुखरूप परतली. मेक्सिकनच्या बहिणीनं निघताना तिच्या बॅगेत मिरच्यांची पुडी कोंबली होती. मी ऑफिसच्या मंदूबला, म्हणजे आमची सरकारी कामं बघणाऱ्या माणसाला, गाठलं आणि लेकीसाठी व्हिजिट व्हिसा काढायला सांगितलं. तो म्हणाला, "कोण, ती छोटी? ती तर इथलीच ना?" मी म्हटलं, होती.

हिवाळ्यात ती आली. मी विमानतळावर दाराशी उभा होतो. सगळे निघून गेल्यावर ती बाहेर आली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "काउंटरवरच्या माणसानं विचारलं, कुवेतला पहिल्यांदाच?"

"मग?"

"येस म्हटलं. रांग लांब होती. कुठे एक्सप्लेन करत बसू?"

घरी येऊन तिनं आधी आईच्या खोलीचं दार उघडलं, आत उभी राहिली आणि परत लोटून घेतलं. मग दोघं वरण-भात जेवलो. त्या मुलाविषयी ती महिन्याभरात एकदाच बोलली, जवळच्याच फाहाहीलच्या समुद्रावर चालताना, तेही माझ्याकडे न बघता. मी ऐकून घेतलं.

पहिल्या शुक्रवारी ती दुपारपर्यंत उठली नाही. एरवी सुट्टीच्या दिवशी मी उठल्याबरोबर टीव्ही लावतो, घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून. त्या दिवशी लावला नाही. चहा गाळताना भांड्याचा आवाज होऊ दिला नाही, आणि तिच्या बंद दाराकडे तोंड करून, पेपर न उघडता, बाहेर बसून राहिलो.