दिंडोरीकडचा मळा

मोरचूद-चुन्याच्या फवारणीचा वास आला की मला दिंडोरीकडचा तो द्राक्षमळा आठवतो. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. बाबा एकलहऱ्याला वीजकेंद्रात होते आणि आजारी आईसाठी त्यांना मळ्याच्या कडेला छोटं घर घ्यायचं होतं. "घेण्याआधी तिथली माणसं, पाणी, हवा कळायला हवी," म्हणत ते आम्हा दोघींना सुट्टीला तिकडे न्यायचे. त्या भाद्रपदात आई मांडवाखालच्या ओल्या मातीतून हळूहळू चालत होती. वेलींच्या पानांवर निळसर डाग होते. मळेवाल्या बाईंनी चहा आणला, तेव्हा आईनं विचारलं, "इथं सगळ्यात छान कधी वाटतं हो?" "माघात या ताई. घड भरले की लय गोड वास सुटतो." आई हसली आणि बाबांकडे बघून म्हणाली, "हे येतील." बाबांनी मान खाली घातली. तिचं दुखणं किती पुढे गेलंय, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ते तेव्हा कळलं. आई दिवाळीआधीच गेली. माघात बाबा सकाळच्या एसटीनं एकटेच गेले, संध्याकाळी परतले, "चांगलं गाव आहे," एवढंच म्हणाले आणि घराचा विषय पुन्हा काढला नाही. आज मी आईपेक्षा वयानं मोठी आहे, आणि त्या दिवशी बाबा तिथे एकटे किती वेळ बसले असतील, हेच मनात येतं.