तिठ्यावरचे सुट्टे

हिंजवडीला बसने नोकरीला जाणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी हमखास वाढतात. वजन आणि किस्से. वजनाबद्दल मी बोलणार नाही. किस्से मात्र इतके साठलेत की बसमध्ये कुणी "अगं, काल काय झालं" अशी सुरुवात केली की आम्ही आधी विचारतो, "नाण्याचं का?"

इतरांच्या बसमध्ये मॅनेजरचे, अप्रेझलचे, लफड्यांचे किस्से असतात. आमच्याकडे सगळे रस्त्यावर पडलेल्या नाण्यांचे!

दोष आमच्या स्टॉपचा. विश्रांतवाडीला आम्ही जिथे कंपनीच्या बसची वाट बघतो तिथे तीन रस्ते मिळतात, आणि तिठा म्हटला की उतारा आलाच. घरातल्या आजारी माणसावरून लिंबू, नारळ, एखादं नाणं ओवाळायचं, तिठ्यावर नेऊन ठेवायचं आणि मागे वळून न बघता घरी यायचं. नाणं जो उचलेल, त्याच्या मागे ते दुखणं जातं म्हणतात. आजूबाजूला टॉवर उभे राहिले, पण अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी आमच्या स्टॉपवर पाय ठेवायला जागा नसते. लोक उतारा ठेवायला कारने येतात, हो! पार्किंग लाइट लावून!

मी घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकते. मी त्या नाण्यांकडे बघतसुद्धा नाही. पण कान तर बंद करता येत नाहीत ना.

*

निखिल मूळचा कोथरूडचा, नुकताच विश्रांतवाडीत राहायला आलेला. आमच्या स्टॉपवरचा त्याचा पहिलाच दिवस. फुटपाथच्या कडेला चकचकीत नाणं दिसलं आणि गड्याने उचललं!

"फ्री मनी, गाइज!"

मी म्हटलं, "अरे, टाक ते! उताऱ्याचं आहे."

"ताई, कम ऑन. कुठल्या सेंच्युरीत आहात?"

दुपारी त्याचा क्लायंटबरोबर मोठा कॉल होता. त्याने तोंड उघडलं आणि आवाजच नाही! घसा दुखत नव्हता, ताप नव्हता, काही नव्हतं. कॉलभर बिचारा नुसती मान हलवत बसला. क्लायंटने फीडबॅक पाठवला, "व्हेरी गुड लिसनर!"

आम्ही पोट धरधरून हसलो. दुसऱ्या दिवशी स्टॉपजवळ गजरे विकणाऱ्या मावशी सुतकी चेहऱ्याने बसल्या होत्या. मी विचारलं, काय झालं?

"काय सांगू ताई, सासूची वाचा गेलती. आमीच उतारा ठेवला हुता हितं. काल दुपारच्यापासनं बोलाय लागलीय. थांबंनाच! डोस्कं उठलंय माझं!"

निखिलचा आवाज आठवड्याने आला. तोवर मी मावशींकडून गजरा घेतला नाही.

*

आता सबनीस सर. आमच्या डॉक्युमेंटेशन विभागातले, रिटायरमेंटला टेकलेले. मूळचे पेठेतले, त्यामुळे वाक्य लांबवत नाहीत. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही अशी आमची समजूत. पांढरा शर्ट, कापडी पिशवी, आणि बसमध्ये शेवटून दुसरी खिडकी.

आणि सर स्टॉपवरचं प्रत्येक नाणं उचलायचे! प्रत्येक! गुडघ्यावर हात ठेवून वाकायचे, लिंबू बाजूला सारायचे, नाण्यावरचं कुंकू रुमालाला पुसायचे आणि ते खिशात टाकायचे.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी किंचाळलेच. "सर, अहो उतारा आहे तो!"

"मग? सातबाराचा उतारा आहे का, तलाठ्याची सही लागायला?"

पेठेतल्या माणसाशी सकाळी सकाळी कोण वाद घालणार!

*

एकदा वाकडच्या पुलाखाली बस अशी अडकली की सगळे उतरून टपरीवर चहा पीत होते. पैसे द्यायची वेळ आली आणि नेटवर्क गेलं. कुणाचंच पेमेंट होईना. टपरीवाला कुरकुरायला लागला.

सगळ्यांचे डोळे सरांच्या खिशाकडे. खिसा कसला, नंदीबैलवाल्याची झोळी! सर चालले की छुम छुम वाजायचं.

"सर, तुमच्याकडचे सुट्टे द्या ना."

"सुट्टे नाहीत."

आमच्या टेस्टिंगमधली पल्लवी यवतमाळकडची, तिच्या जिभेला लगाम नाही. ती म्हणाली, "मग खिशात काय घुंगरं आहेत का सर?"

"नाणी आहेत. सुट्टे नाहीत," सर म्हणाले आणि बसमध्ये जाऊन बसले.

आठवडाभर आम्ही त्यावर हसलो. कंजूसपणाला इतकं शुद्ध मराठी वापरणारा माणूस आम्ही पाहिला नव्हता. गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी सरांनी त्याच टपरीवर नोट मोडून सगळ्यांचा चहा चुकता केला आणि उरलेले पैसे घेतलेच नाहीत.

*

मग निखिलला सरांची गंमत करायची हुक्की आली. त्याने एका शुक्रवारी फुटपाथवर एक नाणं झटकन सुकणाऱ्या गमने चिकटवलं. सिंहाची बाजू वर. फोटो काढून ग्रुपवर टाकला, "सोमवारी शो बघायला या!"

सर आले. नाण्याकडे बघितलं, वाकले नाहीत.

"हे ओवाळलेलं नाही, चिकटवलेलं आहे. ठेवा तुमचं तुम्हाला."

शो फ्लॉप! निखिलने चिडून किल्लीने, मग स्क्रू-ड्रायव्हरने नाणं उकरून बघितलं. हलेना. मग आम्ही ते विसरून गेलो.

अमावास्या झाली. सकाळी स्टॉपवर नेहमीची लिंबं पडली होती. निखिल मोबाइल काढून फोटो पुन्हा पुन्हा बघत उभा होता. चेहरा पांढराफटक.

"ताई, मी छापा वर ठेवून चिकटवलं होतं. बघा ना, फोटो आहे."

खाली बघितलं तर काटा वर होता. नाणं त्याच जागी, तसंच घट्ट. मी स्वतः बुटाने ढकलून बघितलं, आणि त्या रात्री बूट घराबाहेर ठेवले.

तेवढ्यात सर आले. वाकले, दोन बोटांनी नाणं उचललं. टेबलावरून उचलावं तसं अलगद निघालं!

"आता झालंय ओवाळून," सर म्हणाले आणि खिशात टाकलं.

निखिल दुसऱ्या दिवसापासून येरवड्याहून बस पकडायला लागला. आम्ही त्याला काही बोललो नाही. येरवड्याहून येणाऱ्याला पुण्यात वेगळं काही बोलावं लागत नाही.

*

हा किस्सा माझा आहे, आणि मला अजून सांगायला आवडत नाही.

आमची बस एका अंत्ययात्रेच्या मागे अडकली. पुढे माणसं चुरमुरे आणि नाणी उधळत चालली होती. मी डोळे मिटून बसले होते. खिडकी मात्र उघडी राहिली, आणि टप्पकन माझ्या मांडीवर नाणं येऊन पडलं!

मला हात हलवता येईना. फेकावं तर हात लावावा लागणार, आणि हात लावला म्हणजे उचललंच की! मला रडू फुटलं. एवढी मोठी बाई, पण रडले.

मागच्या सीटवरून एक तळहात पुढे आला. "द्या इकडे."

"पण सर, ते माझ्याकडे आलंय."

"माझ्या हातात दिलंत की उचलणारा मी. तुम्ही नुसत्या हमाल."

मी ओढणीच्या टोकाने उचलून दिलं. हमाल म्हणाले याचा रागसुद्धा आला नाही, इतकं हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सर लंगडत आले. मी घाबरून विचारलं, "सर, हे त्याचं तर नाही ना?"

"गुडघा आहे. नाण्याचा की वयाचा, ते त्याच्यावर छापलेलं नाही."

तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं. त्याआधी सरांना खोकला होता. त्याआधी डोळा आला होता. त्याआधी आवाज बसला होता. एक जायचं, दुसरं यायचं, आणि आम्ही आपलं वय झालं म्हणून सोडून देत होतो. मी हे कुणाला बोलले नाही. बोललं की खरं होतं असं मला वाटतं.

*

आणि आता हा.

पल्लवीची मुलगी स्वरा बालवाडीत जाते. तिला ताप आला आणि उतरेचना. हॉस्पिटलात ठेवली. रिपोर्ट सगळे नॉर्मल, ताप तसाच. पल्लवीचा नवरा मुलीजवळ थांबायचा आणि रजा संपल्यामुळे ती ऑफिसला यायची. डबा उघडायचीही नाही. बसमध्ये सगळ्यात जास्त बडबड करणारी मुलगी, तिचा आवाजच ऐकू येईनासा झाला. शेवटी डॉक्टर म्हणाले, पोरीच्या अंगात आता ताकद राहिली नाही, आजची सकाळ महत्त्वाची. नवऱ्याने तिला सांगितलं, तू जा, एक सही करून बिनपगारी रजा मंजूर करून घे आणि लगेच ये.

स्टॉपवर ती तिठ्याकडे पाठ करून उभी होती. मागे लिंबू, कुंकू आणि एक नाणं.

"आईनं ठेवलं, ताई," ती म्हणाली. यवतमाळहून तिची आई आली होती. "मी नाही म्हटलं होतं. आई काही ऐकत नाही न."

मी तिचा हात धरला.

"कोणी उचललं तं बरं होईल वाटते. अन् कोणी उचलू नये असंबी वाटते. मले काय करावं कळत नाही, ताई. ज्याच्या मागं जाईल त्यालेबी कोणीतरी असन न!"

एवढ्यात कोपऱ्यावरून छुम छुम ऐकू आलं. सर आले. नाण्याकडे बघितलं, गुडघ्यावर हात ठेवला.

पल्लवी धावत मधे जाऊन उभी राहिली. "सर, हे नका उचलू! हे आमचं आहे."

सरांनी तिच्याकडे बघितलं. मग तिच्या चपलांच्या बाजूने हात घालून नाणं उचललं, पुसलं आणि खिशात टाकलं.

"नाव कुठे आहे याच्यावर?" ते म्हणाले.

बस आली. पल्लवी सरांच्या शेजारी जाऊन बसली, मी पुढच्या सीटवर. ती हात जोडत होती. "सर, खर्च करून टाका न ते. टपरीवर द्या, कुठंबी द्या. पण ठेवू नका."

"खर्च केलं की पुढच्याच्या हातात. त्याने काय केलंय?"

"मग तुम्ही काऊन उचलता?"

सरांनी बाहेर बघत शर्टाचं वरचं बटण लावलं. बाहेर चांगलं ऊन होतं.

"आमच्या मुलाचं मी स्वतः ठेवलं होतं," ते म्हणाले. "मागे वळून बघायचं नसतं, मी बघितलं. दुसऱ्या दिवशी जाऊनही बघितलं. तसंच पडलेलं. सगळे शहाणे लोक, वळसा घालून जात होते."

त्या वळसा घालणाऱ्यांत मी असते, हे मला पक्कं माहीत होतं.

औंधच्या पुढे पल्लवीचा फोन वाजला. तिने तो कानाला लावला. मग एकदम उठून उभी राहिली.

"उतरला!" ती ओरडली. "ताई, उतरला! पोरगी उठून बसली म्हणते! उतरला!"

ड्रायव्हर शिंदे मामांनी करकचून ब्रेक मारला. सगळे पुढच्या सीटवर आपटले, आणि सरांच्या खिशातली सगळी नाणी एकदम वाजली.

"कोन उतरलं?" मामा आरशात बघत ओरडले. "अवो, चालत्या गाडीतनं कोन उतरलं?"

मी मागे वळले. सर खिडकीच्या काचेला डोकं टेकून बसले होते. डोळे लाल, दात एकमेकांवर आपटत होते. मी त्यांच्या हाताला हात लावला आणि तव्याला लागल्यासारखा मागे घेतला.

"कुणी उतरलं नाही, शिंदे," सर म्हणाले. "चढलाय. चला."