मूळचा नसलेला संडास

गुरुनाथला किळस फार. माझा नवरा आहे म्हणून सांगत नाही, पण असा माणूस मी दुसरा बघितला नाही. लग्नानंतर पहिल्यांदा हॉटेलात गेलो, तर याने पाण्याचा पेला उजेडात धरून फिरवला. कडेला कुणाच्या तरी ओठांचा डाग दिसला आणि आम्ही न जेवता उठलो. इकडे डच मुलुखात, उइटहॉर्न गावी घर घेतलं तेव्हा सोफा यायच्या आधी संडासात पाण्याचा फवारा बसला. ऑफिसात तो दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो, आणि घरी माझ्या भांड्यांवरच्या.

याला कारण आहे. तो चिंचवडला कंपनीच्या चाळीत वाढला. चाळीच्या टोकाला सगळ्यांचे मिळून संडास, निम्म्यांना कड्या नाहीत. डालड्याचा डबा घेऊन रांगेत उभं राहायचं आणि आत श्वास कोंडून बसायचं. त्याची आई, राधाबाई, त्याला परत आल्यावर दारातच पाय धुवायला लावायची, आणि मगच आत घ्यायची. संडास आणि चूल यांच्यात एक उंबरा, एक बादली आणि थोडी लाज असावी, असं आईंचं म्हणणं. नंतर फ्लॅट झाला, संडास घरात आला, पण आईंनी त्याचं दार उभ्या आयुष्यात उघडं राहू दिलं नाही.

असा हा माणूस मार्चमध्ये एका शनिवारी घरी आला तो अंगाला कुजक्या गोणपाटाचा वास घेऊन. मी देवापुढे दिवा लावत होते. वास आधी आला, माणूस मागून.

"सुहास, कॅराव्हॅन घेतली," तो म्हणाला. "जुनी आहे. साठ-सत्तरच्या दशकातली असावी."

"आधी अंघोळ कर," मी म्हटलं. "मग काय घेतलंस ते सांग."

कॅराव्हॅन म्हणजे मोटारीच्या मागे लावून न्यायची घरासारखी गाडी. उन्हाळा आला की इथली माणसं गोगलगाईसारखी आपापलं घर ओढत निघतात. आमच्या गल्लीत ती फार दिवस उभी करू देत नाहीत, म्हणून गुरुनाथने जवळच्या दे क्वाकेल गावाच्या बाजूला एका फुलवाल्याच्या बंद पडलेल्या काचघरात जागा घेतली होती. दुसऱ्या दिवशी मी आणि लेक ईशानी बघायला गेलो. अंड्यासारखी गोल, वरून पिवळट रंग, चाकांशी शेवाळ. दार उघडलं तसा आतून कोंदट वारा अंगावर आला. गाद्यांवर उंदरांच्या लेंड्या, खिडकीच्या कडेला मेलेल्या माश्यांचा थर, कपाटात कुणाचा तरी केसांसकट कंगवा.

"गातफर!" ईशानी ओरडली. हे इथल्या मुलांचं "शी". आमच्या लेकीला मराठी समजतं, पण किळस तिला डचमध्येच येते.

मी पदर नाकाला लावला आणि गुरुनाथकडे बघितलं. ज्याला पेल्यावरचा डाग चालत नाही तो माणूस त्या घाणीत उभा राहून हसत होता.

"आईसाठी घेतलीय," तो म्हणाला.

तेव्हा मी नाकावरचा पदर काढला. आई एप्रिलमध्ये तीन महिन्यांसाठी येणार होत्या. सासरे गेल्यावर पहिल्यांदाच. सासरे जन्मभर म्हणत आले, तुला एकदा समुद्रावर मुक्कामाला नेतो, आणि ते राहून गेलं. आई नातेवाइकांकडे सोडून कुठे राहिलेल्या नाहीत. लॉजचं नाव काढलं की म्हणतात, "त्या गादीवर कोण कोण लोळून गेलं असेल!" बाहेरचं खात नाहीत. मागच्या वेळी आल्या तेव्हा सगळं बघितलं, पण दशमीचा डबा घेऊन आणि संध्याकाळी घरी परत. गुरुनाथच्या मनात एवढंच होतं: आपली गादी, आपली शेगडी, आपली भांडी, आणि आईची समुद्रावर एक रात्र. या खेपेला नाही झालं तर पुढची खेप कुणी बघितलीय.

आई आल्या. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या बाईंकडे चहाला गेलो. आई त्यांच्या संडासात जाऊन आल्या त्या चेहरा पाडून. इथे घराघरांत संडासाच्या भिंतीवर वाढदिवसांचं कॅलेंडर टांगतात, बसल्या बसल्या बघायला. त्यात ईशानीचं नाव होतं.

"माझ्या नातीचं नाव संडासात?" त्या मला दबक्या आवाजात म्हणाल्या. "आणि बाई वरून केक खायला देतेय!"

तशातच त्यांना कॅराव्हॅन दाखवायला नेलं, हे आमचं चुकलंच. गुरुनाथने तोवर गाद्या फेकल्या होत्या, काचा पुसल्या होत्या. आई पायरी चढल्या. डाव्या हाताला शेगडी. शेगडीला लागून लाकडी दार. त्यांनी ते उघडलं. आत एक संडासाचं खोकं, झाकणावर पिवळे ओघळ, तळाशी वाळून खपली धरलेलं काहीतरी निळं.

आई तशाच मागच्या पावली उतरल्या.

"हातावर पोळी, पायाशी संडास? माझा बाळकृष्ण कुठे ठेवू मी, झाकणावर?"

"आई, तो वापरायचा नाही आपण."

"वापरू नको. पण आहे ना तो? गुरू, या डब्यात मी पाण्याचा थेंब तोंडात घालणार नाही. सांगून ठेवते."

घरी येऊन गुरुनाथने तीनदा हात धुतले.

त्यानंतर त्याने एक वेगळाच ध्यास घेतला. ही गाडी मूळची कोणती, ते शोधायचं. नावाची पट्टी कुणीतरी उपटून नेलेली, नुसती भोकं राहिलेली. जुन्या कॅराव्हॅनवाल्यांच्या एका ग्रुपवर तो फोटो टाके: मागच्या दिव्याचा, दाराच्या मुठीचा, छपराच्या वळणाचा. उत्तरं दहा तऱ्हेची येत. खिडकीच्या काचेच्या कोपऱ्यात बारीक शिक्का होता, त्यावरचं शेवाळ त्याने टूथब्रशने काढलं. (तो ब्रश मी कचऱ्यात टाकला, आणि त्याने विचारलं कशाला टाकलास!) शिक्क्यावरून साल लागलं, छपराच्या वळणावरून कारखाना. मग त्या सालचं एक जुनं छायाचित्र कुणीतरी पाठवलं, आणि गुरुनाथ चमचा हातात धरून जेवणावरून उठला.

"आई! संडास मूळचा नाही!"

छायाचित्रात त्या जागी कपड्यांचं कपाट होतं. खात्री करायला तो काचघरात पळाला आणि परत येऊन सांगायला लागला, की बाकी सगळ्या गाडीत स्क्रूच्या डोक्याला एकच सरळ खाच आहे, आणि संडासाच्या भिंतींना मात्र फुलीचे स्क्रू. "म्हणजे ती खोली मागाहून घातलीय. गाडी जशी होती तशी करायची म्हटली तर संडास काढावाच लागतो."

"मूळचा नसेना का," आई भात कालवत म्हणाल्या. "आत्ता आहे. जेवताना नको बोलूस."

काढायचा दिवस मी विसरणार नाही. गुरुनाथने दोन मास्क, लांब हातमोजे, डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी असा अवतार केला होता. फुलीचे स्क्रू गंजलेले. शेवटचा निघाला आणि खोकं कलंडलं. आतली खपली फुटली, त्याखाली अजून ओलं होतं. किती वर्षांचं, कुणाचं, देव जाणे. गुरुनाथ बाहेर धावला आणि काचघराच्या कडेच्या गवतात ओकला. मी पाणी दिलं, त्याने चूळ भरली, आणि परत आत गेला. चाळीतल्या रांगेत श्वास कोंडून उभा राहणारा मुलगा मला त्या वेळी पाठमोरा दिसला.

ते खोकं आणि त्या भिंती आम्ही दोघं कचऱ्याच्या डेपोवर टाकायला गेलो. आई आमच्याबरोबर काचघरात आल्या होत्या; म्हणाल्या, "तुम्ही या, मी इथेच बसते." आम्हाला वाटलं, जप करतील.

परत आलो तर कॅराव्हॅनच्या पोटाखालून पाण्याची धार लागलेली. आत आई, पदर खोचलेला, हातात फुलवाल्याचा झाडू, आणि काचघराचा पाइप पूर्ण सोडलेला. भिंतीवर पाणी, छताला पाणी, जमिनीवर घोटाभर पाणी.

"अगं आई!"

"काय अगं? संडास काढला तर जागा धुवायला नको? दसऱ्याला घर धुतो तसं धुतलं."

"हे लाकडाचं आहे! भिंतींच्या आत लाकूड आहे, जमीन प्लायवूडची आहे!"

"मग लाकूड काय विटाळत नाही?"

गुरुनाथने पाइप बंद केला. जमिनीवर बसला, ओल्यातच. मी त्याला कधी ओल्यात बसलेलं बघितलं नव्हतं.

आठवड्याभरात भिंती फुगल्या. आतलं गुळगुळीत अस्तर सुटून लोंबायला लागलं. गुरुनाथने एक टोक धरून ओढलं, तर ते पापडीसारखं हातात आलं आणि मागचं सगळं उघडं पडलं. मी इतकी घाण जन्मात बघितली नाही. लाकूड म्हणावं असं काही उरलंच नव्हतं. चहात पडलेल्या बिस्किटासारखा काळा लगदा, त्यात वळवळणारे किडे, कोपऱ्यात पांढऱ्या बुरशीचे पंखे. हे आईंच्या पाण्याने झालेलं नव्हतं. हे वर्षानुवर्षांचं होतं. कुणीतरी त्यावर नवं अस्तर चिकटवलं, रंग दिला, आणि पुढच्याच्या गळ्यात मारलं. विकणारा कसा हसून कॉफी पाजत होता म्हणे! उंदराच्या लेंड्या निदान दिसतात तरी.

आई दारातून वाकून बघत होत्या. "यात झोपवणार होतास मला," त्या म्हणाल्या. मग पदर नाकाला लावून, "बरं झालं धुतलं ते."

"बरं झालं," गुरुनाथ म्हणाला. त्यात राग होता की नव्हता, मला कळलं नाही.

आईंच्या परतीची तारीख ठरलेली होती. गुरुनाथने सुट्टी टाकली आणि सगळी कूज खरवडून काढली. रोज कपडे काचघरातच उतरवून पिशवीत बांधून आणायचा, आणि मी ती पिशवी चिमट्याने धरून मशीनमध्ये उलटी करायची. नवे दांडके बसले, नवी जमीन बसली. अस्तराला, रंगाला, कपाटाला वेळच उरला नाही. आतून गाडी नुसत्या फळ्यांची. पण हात लावला तर कोरडी, आणि वास फक्त लाकडाचा.

जून संपता संपता आम्ही झेलंडला समुद्राकाठच्या कॅम्पिंगच्या तळावर गेलो. आईंनी आपली चादर आणली, भांडी आणली, बाळकृष्ण आणला. संडासाच्या जुन्या जागेकडे पाठ होईल असा तो पुढच्या खिडकीत ठेवला. पण दिला शब्द तो शब्द. रात्रीचं जेवण बाहेर खुर्चीवर, पाणी बाहेर, औषधाची गोळीसुद्धा बाहेर. दहा वाजून गेले तरी उजेड होता. वाळूच्या टेकडीवर बसून आईंनी सूर्य बुडेपर्यंत बघितला, आणि मग आत येऊन झोपल्या. गुरुनाथने तेवढ्यावर समाधान मानलं असतं, पण त्याचा चेहरा मला कळतो. आई त्याच्या घरात झोपल्या होत्या, पाहुण्यासारख्या.

सकाळी आई बाहेर खुर्चीत बसल्या. मी आत चहा टाकला. इतक्यात समोरच्या गाडीतून ड्रेसिंग गाऊन घातलेला एक उंच म्हातारा निघाला, मागे चाकं लावलेली पेटी ओढत. आईंच्या पुढून जाताना त्याने छान हसून "खूडे मोर्खन" म्हटलं. आईंनी हात जोडले. मागून एक बाई, तशीच पेटी. मग एक जोडपं. दोन्ही बाजूंना लोक टेबलं मांडून पाव खात होते, आणि मधल्या वाटेने पेट्या खडखडत चालल्या होत्या.

"सगळे कुठे निघालेत रे, सामान घेऊन?"

गुरुनाथ दाराची मूठ पुसायला लागला. ईशानीने सांगितलं, चक्क मराठीत. "आजी, ती त्यांची शी आहे. रात्रीची. तिकडे ओततात."

आईंनी आधी तिच्याकडे बघितलं, मग वाटेकडे. त्याच वेळी एक पेटी दगडावर उडाली आणि आत काहीतरी डचमळलं.

"शी शी शी! शिव शिव!" आई उठल्या, पदर सावरत पायरी चढल्या आणि गुरुनाथ, ईशानी मागोमाग आत येताच दार ओढून घेतलं. खिडकीचा पडदाही लावला. खाली फळीवर बसून पदराने वारा घेत राहिल्या.

"गुरू, तू तो डबा काढलास म्हणून. नाहीतर आज तूही त्या वरातीत असतास."

"हो आई."

घेता का, असं मी विचारलं नाही. चहाचा कप त्यांच्या पुढे धरला. त्यांनी बाळकृष्णाकडे एकदा बघितलं, कप घेतला, आणि फुंकर घालून प्यायल्या. गुरुनाथ दारापाशी उभा होता, तो हलला नाही.

बाहेर अजून खडखड चालू होती.

"साखर कमी आहे," आई म्हणाल्या. "आणि अर्धा कप अजून दे. ती माणसं जाईपर्यंत मी काही बाहेर यायची नाही."