राणीसरकारांची वीस मिनिटं

शर्टांच्या कारखान्यात काजं करणाऱ्या त्या बाईचं मालाच्या गाडीवरच्या ड्रायव्हरशी सूत जुळलंय, ही बातमी पहिल्यांदा कुणी सोडली देव जाणे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती कापायच्या टेबलापासून इस्त्रीवाल्यांपर्यंत फिरून, चांगली गुटगुटीत होऊन परत आली. पुरावा? बाई संडासात गेली की वीस मिनिटं बाहेर येत नसे. एवढा वेळ फोनवर गुलूगुलू, दुसरं काय!

"आल्या का राणीसरकार? दरबार संपला?" शेजारच्या मशीनवरची जाडी ओरडायची. "ड्रायव्हरसाहेबांना म्हणावं, एखादा धाकटा भाऊ असला तर आमच्यासाठीही बघा."

बायका खिदळायच्या. राणीसरकार खाली मान घालून सुईत दोरा ओवायची. आत जावं लागू नये म्हणून दिवस घोटभर पाण्यावर काढायची. तरी एकदा जावं लागेच.

तिच्या जिवाला घोर वेगळाच होता. लेकीला सातवं लागलं होतं, आणि त्यांच्यात सातव्या वर्षी मुलींना मांड्यांमध्ये कापत. एक म्हातारी ब्लेड घेऊन यायची, घरच्याच बायका पोरीचे हातपाय धरायच्या. का, म्हणून विचारलं की उत्तर तयार: नाहीतर हिला करून कोण घेणार? राणीसरकारने मात्र वर्षभर पाय रोवले होते. "माझ्या पोरीला हात लावायचा नाही." नवरा म्हणे, "बायकांच्या गोष्टी, मला मध्ये ओढू नका." सासू धुमसायची, पण कमावत्या सुनेपुढं गप्प बसायची.

मग त्या बातमीला पाय फुटले आणि ती घरी पोचली.

सासू काही कैदाशीण नव्हती. नातीवर तिचा भारी जीव. तिची वेणी घालून, तिला बाहेर खेळायला पाठवून ती म्हणाली, "लोक म्हणतात, आईच अशी, तर लेक कसली निघेल? आता हिचं उरकायलाच हवं."

"आई, मला आत वेळ का लागतो ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हालाही लागतोच की."

"ठाऊक आहे गं. पण चार माणसांत सांगशील?"

दुसऱ्या दिवशी ती खरंच सुपरवायझरपुढं जाऊन उभी राहिली. "साहेब, लोक बोलतात ते खोटं आहे. मी आत..."

मशीनं थांबली. जाडीने कान टवकारले.

"आत काय?"

तिने मागं वळून हॉलकडं पाहिलं. "पोट बिघडतं माझं."

"बारा महिने?" साहेब म्हणाले, आणि अख्खा हॉल फुटला.

त्या संध्याकाळी नवरा पहिल्यांदाच मध्ये पडला. "आईला करू दे. मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस."

तिने भांडून पाहिलं, रडून पाहिलं. दोन दिवसांनी ती कामावर असताना सासूने नातीला नवा फ्रॉक घातला. पोर मिरवायला मिळणार म्हणून उड्या मारत गेली. आई परतली तेव्हा ती पाय बांधलेल्या अवस्थेत भिंतीकडं तोंड करून पडली होती. आईने कपाळावर ठेवलेला हात तिने ढकलला.

"तू कुठं होतीस?"



कारखान्यात राणीसरकारांवरचे विनोद चालूच राहिले. ड्रायव्हर कुणी नव्हता. सातव्या वर्षी कापून शिवल्यापासून तिला लघवी थेंबथेंब होई, आणि त्याला वीस मिनिटं लागत.