गवताचंही वर्ष पाळलं

बायको गेली तेव्हा तिच्या गवताला तुरे होते. चाकणला आमच्या घरामागं, पाण्याच्या टाकीजवळ त्याचं बेट होतं. तिनं ते माहेराहून, कोकणातून आणलेलं. तिकडं समुद्राच्या कडेला वाळूत आपोआप येतं म्हणे. नाव विचारलं तर म्हणायची, "गवताला कसलं नाव?" मी म्हणायचो, जनावर खात न्हाई, मग ठेवायचं कशाला. "तुम्हा घाटावरल्यांना गवत दिसलं की वैरणच आठवते," एवढं बोलून ती कामाला लागायची.

काम फार नव्हतं. शेणखत घालायचं नाही, पाणी बेतानं द्यायचं, बुडाशी वाळू ठेवायची. आणि वर्षातून एकदा, होळीच्या सकाळी, विळ्यानं अख्खं बेट चार बोटं ठेवून कापायचं. वाळका भारा ती संध्याकाळी गल्लीतल्या होळीवर टाकायची.

त्या दिवशी तिचं तोंड उतरलेलं असायचं. कोकणात शिमगा म्हणजे सगळ्यात मोठा सण, देवाची पालखी दारात येते. तिला दर साली जायचं असायचं आणि दर साली मी सांगायचो, कंपनीत सुट्टी नाही. काही साली सुट्टी होती. मला सासुरवाडीत करमत नव्हतं, म्हणून खोटं बोललो. ती भांडली नाही. गवत कापत बसायची.

ती गेल्यावर आम्ही वर्ष पाळलं. घरात सण नाही, गोडधोड नाही. होळी आली तशी सून म्हणाली, "आबा, मागचं गवत लई वाळलंय. कापायचं का?"

"घरात होळीच न्हाई, तर कापायचं कशाला? राहू दे."

मला ते बरोबर वाटलं. शेवटचा तिचा हात लागलाय, तसंच असू दे, असंही मनात होतं.

पावसाळ्यात खालून नवी पाती यायला बघत होती, पण वर जुन्या वाळक्याचं ओझं. ऊन पोचेना. आत पाणी मुरून कुजका वास यायला लागला. मी रोज बघत होतो आणि हात लावत नव्हतो. दिवाळीला एकही तुरा आला नाही.

वर्षश्राद्धाला धाकटी मेहुणी आली. जेवून हात धुवायला मागं गेली, ती तिथंच थांबली.

"भावोजी, हे काय करून ठेवलंत?"

मी सांगितलं, वर्ष होतं, होळी केली नाही.

"वर्ष माणसांना असतं. ताई होळीला कापायची, कारण तेव्हा ते वाळलेलं असतं. नाही कापलं तर मरतं ते."

"मला कुणी सांगितलं न्हाई."

"तुम्ही कधी विचारलंत?"

तिनं पदर खोचला, मी कुदळ आणली. दोघांनी बेट खणून काढलं. मधलं सगळं काळं पडलेलं, हातात धरलं की भुगा. कडेचे चार ठोंब तिला जिवंत वाटले. ते वाळू घालून पुन्हा लावले.

"नाही जगले तर मी दुसरं पाठवते," ती म्हणाली.

"दुसरं नको."

ती जाताना माझ्या पाया पडली आणि रडली.

चारातले तीन ठोंब महिन्याभरात गेले. एक आहे, मूठभर. यंदा होळीला त्याची थोडीच पाती वाळली होती. तरी मी सुनेला मागं बोलावून विळा तिच्या हातात दिला. म्हटलं, "मी गेल्यावर माझं वर्ष पाळा, नका पाळू, तुमची मर्जी. हे मात्र येळेवर कापायचं."

"आबा, सणाच्या दिवशी असलं काय बोलता?"

"मग कधी बोलू? काप बघू."

तिनं पहिलंच पातं फार बुडाशी धरलं. मी तिचा हात जरा वर घेतला.