चांगला पंप

काशीदच्या वरच्या वाडीत दरड एका घरावर आली, तेव्हा पोकलेन मी चालवत होतो. आत एक माणूस अडकला होता आणि त्याची बायको कडेला उभी होती. अर्धा ढिगारा उपसला आणि मशीन बंद पडलं. फिल्टर न उघडताच मी छातीठोकपणे सांगितलं, डिझेलचा पंप गेला. नवा पंप पनवेलहून यायला दुपार झाली.

तो घेऊन आलेला मेकॅनिक साठीचा, बुटका होता. त्याने खोकं उघडलंच नाही. फिल्टरच्या तळाचा नट ढिला करून त्याने धार तळहातावर घेतली. डिझेल नव्हे, निव्वळ पाणी. हात पँटीला पुसून त्याने पाइपातली हवा काढली. दहा मिनिटांत मशीन सुरू झालं.

माणूस बाहेर काढला तेव्हा अंग अजून कोमट होतं.

सगळे खाली गेल्यावर मेकॅनिकने माझा चांगला पंप उतरवला, नवा बसवला. जुना गोणपाटात गुंडाळत म्हणाला, "कोनी इचारलं तर पंपच गेलता म्हन. तुज्यासाठी न्हाय सांगत. त्याच्या बायकोला कलायला नको."

त्या गेलेल्या माणसाची बायको अजून बाजारात भेटते. म्हणते, "तुमी तरी काय करनार भाऊ, पंपच गेलता."