चिकूच्या झाडांवरून नेलेली वायर

ती घटना आठवली की आजही आधी सुतळीची गाठ डोळ्यांसमोर येते.

शिपाई म्हणून भरती झालेला मी तेव्हा डहाणूला फौजदार होतो. सरावलीच्या एका चिकूवाडीत सकाळी पाणी घालताना माळ्याने ओल्या हाताने गॅरेजचे शटर धरले आणि तो जागीच गेला. गॅरेज पत्र्याचे, बंगल्यापासून लांब. झाडांवरून आणलेली वायर पत्र्याच्या कडेला घासून सोलली होती आणि सगळ्या पत्र्यात वीज उतरली होती.

अकस्मात मृत्यूची नोंद झाली, पंचनामा झाला. वाडीमालक एकच सांगत होता, "वायरमनने काम बिघडवलं. त्याला आत टाका."

वायरमन कैनाड गावचा. त्याला ठाण्यात बोलावून मी टेबलावर हात आपटला. "वायर कोणी बांधली? बोल!"

"लिहा माझं नाव, साहेब."

मी जन्मभर बाजारात घासाघीस केली आहे. समोरचा पहिल्याच बोलीला कबूल झाला की काहीतरी लपवतोय, हे मला कळते.

दुसऱ्या दिवशी डहाणू रोडच्या एका इलेक्ट्रिक दुकानदाराने मला बाजूला घेतले. "साहेब, त्या वायरमनने गॅरेजसाठी जमिनीतली केबल, पाइप, वेगळी अर्थिंग प्लेट आणि शॉक बसला की वीज तोडणारा ब्रेकर नेला होता. वाडीचे शेठ सगळं परत देऊन गेले. बोलले, गाडीच्या खोलीला एवढे लाड कशाला?"

मी पुन्हा वाडीत गेलो. पहिल्या झाडापाशी अर्धवट बुजवलेला चर दिसला. वर फांद्यांना वायर सुतळीने बांधलेली होती. खाली कोवळ्या कलमांना आधाराच्या काठ्या बांधल्या होत्या, त्यांनाही हुबेहूब तशाच गाठी.

ठाण्यात येऊन मी वायरमनला विचारले, "माळ्याने बांधली ना?"

तो रडायला लागला. "मुळं तुटतील म्हणून शेठनी चर थांबवला. झाडावरून ने, बोलले. मी काम सोडून निघालो, तर त्यांनी त्यालाच वर चढवला. आता त्याचं नाव घेतलं तर त्याच्या बायकोला भरपाई कोण देईल, साहेब?"

"अरे येड्या, गुन्हा चढणाऱ्यावर नाही, चढवणाऱ्यावर लागतो!"

विद्युत निरीक्षकांच्या अहवालानेही तेच सांगितले. हयगयीने मृत्यूचा गुन्हा मालकावर दाखल झाला, वायरमन साक्षीदार झाला. महिन्याभरात माझी तलासरीला बदली झाली. का, ते कोणी सांगितले नाही. तो राग अजून गेलेला नाही.

निवृत्तीनंतर मी घरामागे गॅरेज बांधले आणि त्याच वायरमनला बोलावले. त्याने यादी पुढे ठेवली. दोन फूट खोल चर, पाइपातून केबल, गॅरेजला स्वतःचा बोर्ड, ब्रेकर, अर्थिंग. मग कानावरची पेन्सिल काढली. "साहेब, यातलं काय खोडायचं?"

झाईच्या मासळीबाजारात पापलेटचा भाव पाडल्याशिवाय मी घेत नाही. तोंड सवयीने उघडलेच होते. तेव्हा तो वाडीमालक आठवला. तो काही राक्षस नव्हता. मी रोज करतो तेच त्याने केले होते. फक्त त्याने कमी केलेल्या वस्तूंपायी जीव दुसऱ्याचा गेला.

"काही नाही. चर कुठून जाणार, दाखव."

तो चालत गेला आणि मी लावलेल्या आंब्याच्या कलमापाशी घुटमळला. "हे मधे येतंय."

"उपट," मी म्हणालो.